चावडीच्या ओट्यावरची बोलणी

चावडीला आतली खोली असते आणि बाहेरचा ओटा असतो. आतल्या खोलीत दप्तराची पेटी, भिंतीवर गावचा नकाशा, एक मेज आणि तलाठी, ओट्यावर गाव. जो मनुष्य खोलीचा उंबरा ओलांडून, हातातला कागद पुढे करून, ‘अर्जदार विनंती करतो की’ या ठरीव चालीवर आपले गाऱ्हाणे मांडी, तोच मनुष्य थोड्या वेळाने बाहेर येऊन शेजाऱ्याच्या बाजूला बैठक मारून बसला की तेच गाऱ्हाणे निराळ्या शब्दांत, निराळ्या आवाजात, आणि पुष्कळदा निराळ्याच कारणांसह सांगू लागे. आत तो खातेदार असे, बाहेर तो शेजारी असे. आणि माझ्या नोकरीच्या प्रारंभीच एका वृद्ध कोतवालाने मला जे सुचविले होते की, ‘भाऊसाहेब, कागद आत घ्या, पर कान भाईर ठेवा,’ त्याचा अर्थ मला हळूहळू, एकेका प्रकरणातून उलगडत गेला.

तलाठी म्हणून माझी बहुतेक सेवा माणदेशात झाली. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात त्या माण नदीच्या खोऱ्यात, जेथे पावसाचा भरवसा नाही, नदी वर्षाचे बहुतेक दिवस वाळूचा पट्टा होऊन पडलेली असते, आणि माळावर बाजरी, हुलगा, मटकी एवढ्यांवर माणसाने व जनावराने वर्ष काढावयाचे असते. तलाठ्याचे पद तसे अर्वाचीन. गावाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्यांकडे होते. ती वतने 1951 साली खालसा झाली, मुलकी पाटलांचे पद 1962 च्या कायद्याने संपुष्टात आले, आणि गावाशी रक्ताचे, वतनाचे, भाऊबंदकीचे कोणतेही नाते नसलेला, बदलीने येणारा व बदलीने जाणारा पगारी नोकर गावाच्या जमिनीचा हिशेब लिहू लागला. ही गोष्ट न्यायाची झाली यात मला संशय नाही. परंतु वतनदाराला जे जन्मतःच ठाऊक असे, कोणाची कोणाशी बोलाचाली नाही, कोणत्या बांधावर कोणाच्या आजाने चिंच लावली, कोणत्या विहिरीत कोणाचा किती हिस्सा, ते या परक्या नोकराला कोठून ठाऊक व्हावे? नियमपुस्तकात त्याची सोय नव्हती. ती सोय ओट्याने केली.

ओटा म्हणजे घडीव दगडाचे जोते, समोर लिंबाचे झाड, आणि भिंतीला लावलेला नोटिशींचा फळा. दिवस कलला, गुरे गोठ्यात आली, धारा झाल्या की एकेक जण येऊन टेके. आल्या आल्या कामाचे कोणी बोलत नसे. आधी आभाळ, मग बाजार, मग कोणाच्या तरी नव्या पटक्याची, कोणाच्या बैलाच्या शिंगांची, कोणाच्या जावयाच्या मुक्कामाची थट्टा. ‘बापू, जावई आल्याला पंधरवडा झाला म्हणं, आता त्येचं बी नाव रेशनकार्डात घाला की,’ असे एकाने म्हणावे, आणि बापूंनी, ‘घालतो, पर तुजं काढून घालतो,’ असे उत्तर द्यावे, आणि त्या हशात दिवसभराची उन्हाची काहिली निघून जावी, असा तो क्रम होता. बाहेरून पाहणाऱ्यास ही रिकामटेकड्यांची बडबड वाटे. तालुक्याहून आलेले एक वरिष्ठ मला तसे स्पष्टपणे म्हणालेही होते. मला ते मत कधी पटले नाही. कारण जी माणसे पहाटेपासून मोटेवर, औतावर, नाही तर दुष्काळी कामाच्या खडीवर राबून आलेली असत त्यांचे हे बोलणे रिकामे नव्हते. एकमेकांना शेजारी म्हणून राहता यावे, यासाठी करावे लागणारे ते एक कामच होते.

याची सर्वांत मोठी प्रचीती पैसेवारीच्या वेळी येई. गावातल्या पिकाचा उतारा नेहमीच्या उताऱ्याच्या मानाने किती आला, हे शंभर पैशांच्या प्रमाणात सांगावयाचे. सप्टेंबरात नजर पैसेवारी, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. आणि अंतिम आकडा पन्नास पैशांच्या आत आला तरच शेतसाऱ्याची सूट, कर्जवसुलीची तहकुबी, मुलांच्या परीक्षा-शुल्काची माफी इत्यादी सवलतींचे दार उघडावयाचे. एका आकड्यावर अख्ख्या गावाचे वर्ष अवलंबून. त्यासाठी समिती असते, तीत सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे अध्यक्ष, काही शेतकरी असतात. वेगवेगळ्या प्रतीची राने निवडून, मोजलेल्या चौकोनातले पीक कापून, मळून, तोलून आकडा काढावयाचा असतो. पद्धत उत्तम आहे. पण राने निवडावयाची कोणती, हा प्रश्न पद्धत सोडवीत नाही, आणि खरा सगळा वाद तेथेच असतो.

एका वर्षी, पाऊस मृगात बरा पडून पुढे ओढ धरून बसला होता तेव्हा, ओट्यावर झालेले बोलणे मला अजून आठवते. एक आबा म्हणाले, ‘भाऊसाहेब, औंदा आणेवारी किती लावताय?’ आणेवारी हाच शब्द जुन्या मंडळींच्या तोंडी होता. मी म्हणालो, पीक बघून लावू. त्यावर आबा म्हणाले, ‘पीक रस्त्याकडंचं बगू नगा. तितं वड्याचा वलावा हाय. माळाकडं चला.’ लगेच दुसरे उठले: ‘माळाकडं ग्येला तर ह्येचंच रान लागंल, आन् ह्येच्या रानात चांगल्या सालाला तरी कवा कणीस दिसलंय?’ हशा झाला. आबांनी मान हलवून तोही बोल घेतला आणि म्हणाले, ‘बरं, माजं सोडा. मधल्या पट्टीतलं तात्याचं बगा. त्यो पेरतोय बी येळेला आन् खुरपतोय बी येळेला.’ आणि तात्या, जे आत्तापर्यंत सर्वांच्या आधी ‘काय सुदीक पिकलं न्हाई’ असे सांगत होते, त्यांना तिसऱ्याने विचारले, ‘काय सुदीक न्हाई, मग कणगी लिपाया माती कशाला न्हेलीस काल?’

त्या चार वाक्यांत मला त्या गावाच्या जमिनीचे तीन स्तर, त्या सालच्या पावसाचे वर्तन, आणि प्रामाणिक उताऱ्याचे रान कोठे सापडेल याचा पत्ता मिळाला. समितीपुढे हीच माणसे एकमताने ‘चाळीस पैसे लिहा’ म्हणाली असती, आणि त्यात त्यांचा दोष काढण्याचे मला कारण दिसत नाही, कारण ज्याच्या घरात बी-भरणही उरणार नाही अशी भीती असते तो आकडा खालीच सांगणार. परंतु ओट्यावरच्या थट्टेत प्रत्येकाच्या अतिशयोक्तीला शेजाऱ्याचे उत्तर तयार असे. जो ‘बुडालो’ म्हणे त्याला कणगीची आठवण दिली जाई, आणि जो ‘पिकलं’ म्हणून मिशीला पीळ देई त्याला सावकाराच्या चोपडीची. कोणीही रागावत नसे, कारण बोलणे हशातून आलेले असे. आणि कोणीही ते विसरत नसे, कारण ते चारचौघांत आलेले असे. पुढे पीक-कापणी झाली तेव्हा निघालेला उतारा ओट्यावरच्या अंदाजाच्या इतका जवळ होता की मंडल अधिकाऱ्यांनी, रान कोणी निवडले, म्हणून मुद्दाम विचारले. मी सांगितले, गावाने.

याच्या उलट, ज्या वर्षी खरोखरीच काही आले नाही त्या वर्षी मला समितीची गरजच भासली नाही. ओट्यावर थट्टा बंद पडे. माणसे येत, बसत, तंबाखू मळीत आणि उठून जात. खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांना काय भाव आला हे एरवी प्रत्येक जण न विचारता सांगे, ते कोणी सांगेनासे झाले की समजावे, घरातली जनावरे पडत्या भावाने गेली आहेत. मग वृद्ध मंडळी 1972 च्या दुष्काळावर येत. पाझर तलावांच्या कामावरची खडी, सुकडीची पाकिटे, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि ‘त्यातनं निभावलं, ह्यातनं बी निभावंल’ हे वाक्य. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्या हमीचा कायदा 1977 साली झाला. आणि ओट्यावरच्या त्या माणसांना याचा फार अभिमान होता की, गरिबाला काम मागण्याचा हक्क असावा हा विचार मुंबईच्या आधी आपल्या मुलखात कोणाला तरी सुचला. मी तहसील कचेरीत टंचाईचा अहवाल लिही तेव्हा त्यात पाण्याची पातळी, चाऱ्याचा साठा, मजुरांची मागणी हे सारे आकडे असत. गावाचे गप्प बसणे लिहिण्यास रकाना नव्हता, तरी अहवाल तातडीचा आहे की नाही हे मी त्यावरूनच ठरवीत असे.

बांधाची गोष्ट याहून नाजूक. माणदेशात जमीन पुष्कळ आणि पिकाऊ थोडी, त्यामुळे असेल, पण बांध कोरण्याच्या तक्रारीइतकी जुनी व न मिटणारी तक्रार दुसरी नाही. दरसाल नांगराचा फाळ वीतभर आत घ्यावयाचा. पाच-दहा वर्षांत एक तास शेजाऱ्याचा आपल्याकडे येतो. त्यावर कायद्याचा मार्ग आहे: भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज, मोजणीची फी, लगतच्या खातेदारांना नोटिसा, भूकरमापकाची तारीख, हद्दीच्या खुणा, आणि मोजणी मान्य नसेल तर अपील, दिवाणी दावा, वकील. दोन्ही बाजूंच्या घरात त्या तासाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा जातो, आणि पैशाहून वाईट म्हणजे, दोन घरे एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत.

अशी एक भाऊबंदकी माझ्यासमोर ओट्यावर मिटली. दोघे चुलत भाऊ, दोघेही पन्नाशीचे, एकाच्या मनात बांधाचे दुखणे वर्षानुवर्षे खदखदत असलेले. थोरला एक दिवस ओट्यावर आला आणि धाकट्याकडे न पाहता, जणू सर्वांनाच विचारल्यासारखे म्हणाला, ‘आमच्या रानात औंदा नवल झालंया. बांधाला पाय फुटल्यात.’ सर्वांना अर्थ कळला. धाकटाही गप्प राहणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, ‘बांधाला न्हाई फुटलं, दादा. तुमच्या बैलाला एक डोळा कमी दिसतुया, त्यो आमच्याकडनं सरकतोय.’ येथे भांडण पेटावयाचे, पण दोघांच्याही चुलत्याच्या वयाचे एक नाना बसले होते, ते म्हणाले, ‘बैल बी खरा आन् बांध बी खरा. पर तुमच्या बानं बांधावर बोर लावली हुती ती कुटं हाय? बोर तर चालत न्हाई न्हवं?’ बोर होती. ती धाकट्याच्या रानात दोन हात आत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, दोघे भाऊ, पोलीस पाटील आणि आणखी दोघे-चौघे रानात गेले. बोरीपासून दोरी धरून कोपऱ्यातल्या दगडापर्यंत रेघ ओढली. आणि त्या रेघेवर दोघांनी मिळून माती ओढून बांध घातला. माझ्याकडे त्याचा कागद नाही. सातबाऱ्यावरील क्षेत्रात कसलाही फरक पडला नाही, कारण कागदावरचे क्षेत्र आधीपासून बरोबरच होते, चुकले होते ते रानातले.

या प्रकरणावर मी पुष्कळ विचार केला आहे. ‘तू माझी जमीन खातोस’ हे वाक्य शेजारी शेजाऱ्याला सांगू शकत नाही, कारण ते उच्चारताक्षणी त्याला मागे फिरता येत नाही. ‘बांधाला पाय फुटले’ हे तो सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्यालाही तितकेच तिरकस उत्तर देऊन मान राखता येतो. थट्टेचा हा आडपडदा भित्रेपणाचा नव्हे. ज्यांना उद्याही त्याच विहिरीवर, त्याच पाणंदीत, त्याच देवळात भेटावयाचे आहे अशा माणसांनी शतकानुशतकांत कमावलेली ती रीत आहे, आणि न्यायालयाच्या भाषेत तिला जागा नाही म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

परंतु ओट्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर माझे हे लेखन एकांगी ठरेल, आणि त्या मर्यादा किरकोळ नाहीत. ओट्यावर गाव बसते, असे मी वर म्हटले. पण सगळे गाव कधी बसत नव्हते. स्त्रिया ओट्यावर नव्हत्याच. आणि ज्यांची कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या अधिनियमाने संपली, त्या घरांतली माणसे ओट्यासमोर, लिंबाखाली, उभी राहत. कायदा होऊन इतकी वर्षे गेली होती, त्यांना कोणी ‘खाली उभा राहा’ म्हणत नव्हते, आणि कोणी ‘वर ये, बस’ असेही म्हणत नव्हते. थट्टा वरून खाली जात असे. खालून वर येताना ती फार जपून येई. मला ज्याने कान बाहेर ठेवण्यास सांगितले तो कोतवालही आयुष्यभर उभ्यानेच ऐकत आला होता. ज्या गोष्टी ओट्यावर कधीच निघत नसत, या माणसांच्या वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीची, स्मशानाच्या वाटेची, गायरानातल्या अतिक्रमणात नेमके कोणाचे अतिक्रमण आहे याची, त्या मला त्याच्याबरोबर वस्तीवर जाऊनच कळल्या. माझ्या शेवटच्या काही वर्षांत शिकलेली तरुण मुले सरळ येऊन ओट्यावर बसू लागली, आणि वृद्धांनी थोडे सरकून जागा दिली. हा पालट कायद्यामुळे जितका झाला तितकाच त्या मुलांच्या ताठ मानेमुळे झाला, हे मी पाहिले आहे.

वारसांच्या नोंदींत ही उणीव फार ठळकपणे समोर येई. खातेदार मयत झाला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, तलाठ्याने चौकशी करून वारसांची नावे नोंदवहीत घ्यावीत, असा नियम. वर्दी घेऊन मुलगे येत. सोबत पंच म्हणून ओट्यावरचेच दोघे-तिघे. ‘वारस कोण कोण?’ ‘तिघं भाऊ.’ ‘बहिणी?’ येथे क्षणभर थांबणे, आणि मग, ‘त्या दिल्या घरी सुखी हायत, त्येंचं कशाला?’ पंचही माना डोलावीत. जी माणसे पिकाच्या बाबतीत एकमेकांची एकही अतिशयोक्ती चालू देत नसत, तीच येथे एकजुटीने गप्प राहत, कारण या बाबतीत प्रत्येकाच्या घरी तेच झालेले असे. एकदा अशीच वर्दी चालली असता रस्त्याने एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. तिने न थांबता, मान न वळविता, एवढेच म्हटले: ‘दोन लेकी हायत की. एक वाळव्याला, एक मुंबैला.’ आणि ती गेली. मी दोघींचीही नावे, पत्ते काढून, चौकशीत घेतली. दोघींना नोटिसा गेल्या. आणि त्यांतली एक आपल्या मुलाला घेऊन मंडल अधिकाऱ्यांसमोर हजरही राहिली. भावांचा काही काळ माझ्यावर रोष झाला. पण महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क मान्य केला, त्याच्या पुष्कळ आधीही मयत बापाच्या हिश्शात मुलगी वारस होतीच, आणि तिचे नाव गाळण्याचा अधिकार ना भावाला होता, ना पंचांना, ना तलाठ्याला.

त्यानंतर मी एक गोष्ट नेमाने करू लागलो. वारसाची चौकशी ओट्यावर पुरी झाली तरी मी पाणवठ्याच्या वाटेने घरी जात असे. परक्या पुरुषाशी बायका काय बोलणार? माझ्याशी फारसे बोलत नसत, पण माझ्या ऐकण्यात येईल अशा बेताने एकमेकींशी मात्र बोलत. ‘थोरलीला इचारलं व्हय गं कुणी?’ ‘कोण इचारतंय!’ एवढे पुरेसे असे. त्यांचीही थट्टा चाले, आणि ती ओट्यावरच्या थट्टेहून अधिक धारदार होती. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवून, नवऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचे नाव लावावे, असे आवाहन केले तेव्हा ओट्यावर त्याची फार चेष्टा झाली; ‘नाव लावल्यावर भाकरी तरी मिळंल का?’ असे एकाने विचारले. पाणवठ्यावर त्याचे उत्तर मला ऐकू आले: ‘नाव न लावता तरी भाकरी आमीच थापतोय न्हवं?’ ज्या आबांनी ओट्यावर सर्वांत मोठ्याने हसून दाद दिली होती ते पुढच्याच आठवड्यात एकटे खोलीत आले, अर्ज पुढे केला आणि म्हणाले, ‘म्हातारीचं नाव लावा. पर भाईर बोलू नगा.’ मी बोललो नाही. मात्र नोंदीची प्रत नियमाप्रमाणे फळ्यावर लावावीच लागली, आणि ती वाचून त्याच महिन्यात आणखी काही जण तसाच अर्ज घेऊन आले.

ग्रामसभेविषयी थोडक्यात सांगतो. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेला घटनेचे अधिष्ठान मिळाले, हे मोठे कार्य झाले. परंतु जे लोक ओट्यावर तास-तास बोलत ते सभेत, ग्रामसेवकाने इतिवृत्ताची वही उघडली की, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होई, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्यामुळे थोड्यांच्या साक्षीने ठराव संमत होत. जे बोलले जाई ते लिहिले जाणार, आणि लिहिलेले उद्या आपल्याविरुद्ध काढले जाणार, हे भय माणसाची जीभ बांधून टाकते. सभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद पुढे झाली आणि पंचायतीत त्यांच्या जागा आधी एक-तृतीयांश, 2011 पासून निम्म्या झाल्या, तेव्हा मात्र मी प्रथमच पाणवठ्यावरचे बोलणे वहीत उतरताना पाहिले. दारूच्या दुकानाविरुद्धचा पहिला ठराव आमच्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, त्यातूनच झाला.

दिवाळीत आणि यात्रेत ओट्याला निराळाच रंग चढे. आमच्या मुलखातले असंख्य तरुण गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पसरलेले. कोणी तामिळनाडूत, कोणी पंजाबात. ते आले की परक्या मुलखातल्या रस्त्यांच्या, पाण्याच्या गोष्टी ओट्यावर निघत, आणि ‘तितं असं हाय, मग हितं का न्हाई?’ हा प्रश्न वृद्धांना निरुत्तर करी. पुढे डाळिंबाच्या बागा आल्या, ठिबक आले, टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी आले. बोलण्याचे विषय बदलले. तेल्या रोग आणि बेदाण्याचा भाव यांनी खिलाराची जागा घेतली.

आता सातबारा संगणकावर मिळतो, फेरफार संगणकावर नोंदविला जातो, आणि 2021 पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर, स्वतःच्या रानात उभा राहून करतो. या सुधारणा मला मनापासून हव्याशा वाटतात. एका उताऱ्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी चार-चार हेलपाटे घातलेले मी पाहिले आहेत. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 प्रमाणे फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते, ती तरतूद अजून कायम आहे. ती तेथे का ठेवली, याचे कारण मला माझ्या नोकरीने शिकविले: जेथे माणसे बसतात तेथे ती वाचली जावी, तिच्यावर बोलले जावे, आणि ज्याला हरकत घ्यावयाची त्याच्या कानावर शेजाऱ्याच्या तोंडून ती पडावी. चार भिंतींच्या आत फळ्यावर टाचलेला आणि कोणी न वाचलेला कागद ते काम करीत नाही.

म्हणून आज या पदावर असलेल्या तरुण बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. सजाच्या प्रत्येक गावात आठवड्यातून एक संध्याकाळ ओट्यावर बसा. नोंदीची प्रत लावाल त्या दिवशी ती मोठ्याने वाचून दाखवा. वारसाची नोंद असेल तर मुलींची नावे आधी वाचा. आणि तीच प्रत घेऊन वस्तीवर व पाणवठ्यावर जा, आणि तेथेही वाचा.